पडद्यावर सरळ दिसणारा पाय

मशीन भाड्याचं होतं, हे आधीच सांगून टाकतो. "आमच्याकडे सी-आर्म आहे," असं डॉक्टर लोक पेशंटच्या नातेवाइकांना ऐटीत सांगायचे आणि मी कोपऱ्यात उभा राहून मनात म्हणायचो, आहे कसला, आत्ताच टेम्पोतून उतरवलाय. उल्हासनगरच्या एका शेठनं ते जुनं मशीन विकत घेतलं होतं आणि बदलापूरपासून शहाडपर्यंतच्या छोट्या हॉस्पिटलांत फिरवायला मला ठेवलं होतं. सकाळी अंबरनाथला मांडी, दुपारी उल्हासनगरच्या कॅम्प एकला मनगट, संध्याकाळी बदलापूरला कुणाचा तरी घोटा. शेठ फोन करून विचारायचा, "साईं, बरात पहुँची क्या?" मी म्हणायचो, "पहुँची सेठ, दूल्हे को सुई लगा रहे हैं."

हसून घ्या. पुढं हसण्यासारखं फार नाही. हे मी माझ्या ताईच्या उजव्या पायाबद्दल लिहितोय, आणि तो पाय तसा का झाला ते तिला सोडून आजवर कुणाला धड माहीत नाही.

ज्यांनी सी-आर्म बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. इंग्रजी सी अक्षरासारखा एक भलामोठा लोखंडी हात. एका टोकाला किरणं सोडणारी नळी, दुसऱ्या टोकाला ती झेलणारा डबा, मधे टेबलावर पेशंट. मी पायानं कळ दाबली की बाजूच्या टीव्हीवर आतलं हाड दिसायचं. त्याला आम्ही शॉट म्हणायचो. डॉक्टरचे हात पेशंटच्या पायावर आणि मान वळलेली टीव्हीकडे. हात एकीकडे, डोळे भलतीकडे. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत आमच्या पट्ट्यात अशीच ऑपरेशनं व्हायची आणि माणसं चालत घरी जायची.

भानगड होती ती एप्रनची. किरणं अडवणारे शिशाचे जड एप्रन ऑपरेशन थिएटरमध्ये तीन, आणि माणसं पाच. मी "शॉट!" असं ओरडलो की ज्याच्या अंगावर एप्रन नाही तो एप्रनवाल्याच्या पाठीमागं जाऊन उभा राहायचा, नाहीतर दाराबाहेर पळायचा. नवीन माणूस ते बघून हसायचा. आठवडाभरानं तोही तसाच पळायचा.

अंबरनाथला बारा खाटांचं एक हॉस्पिटल होतं. तिथले हाडांचे डॉक्टर माझ्यावर जीव टाकायचे, आणि मी त्यांच्यावर. त्यांच्या बोटांची कातडी खरबरीत झाली होती, दोन नखांवर उभ्या काळ्या रेघा आल्या होत्या. वर्षानुवर्षं किरणांत हात घालून घालून. ते बोटं उजेडात धरून बघायचे आणि म्हणायचे, "शॉट कमी झाले पाहिजेत रे. काहीतरी केलं पाहिजे."

एकदा ते कुठल्याशा कॉन्फरन्सहून परत आले ते नाचतच. तिकडं परदेशातल्या कुणीतरी सी-आर्मवर कॅमेरा बसवल्याची चित्रं दाखवली होती. कॅमेऱ्यातून पाय दिसतो, वरची कातडी, हालचाल, सगळं चालू. त्याच चित्रावर आतल्या हाडाचा शॉट बेताबेतानं बसवायचा. म्हणजे टीव्हीवर पाय दिसतो आणि पायाच्या आत हाड दिसतं, जणू कातडी काचेची आहे. एकदा शॉट घेतला की त्याच्यावर बघत बघत काम करायचं, पुन्हा पुन्हा किरणं नकोत.

"ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात त्याला," डॉक्टर म्हणाले.

मी म्हटलं, "सर, आपल्याकडे साधी रिॲलिटीच धड नाही. एप्रन तीन आहेत."

"म्हणूनच तर!" ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत असा काही आनंद होता की मी पण पेटलो.

दोन महिने लागले. दुकानात चोरावर नजर ठेवायला लावतात तसला कॅमेरा उल्हासनगरच्या बाजारातून आणला. पातळ ॲक्रिलिकचा आरसा आणला. किरणं आरशातून आरपार जातात, उजेड मात्र त्यावर आपटून वळतो, तो कॅमेऱ्यात घ्यायचा. मग नळी आणि कॅमेरा एकाच जागेवरून बघतात आणि दोन्ही चित्रं एकमेकांवर बसतात. त्यासाठी मशीन उलटं फिरवून नळी वर घ्यावी लागायची. आरशाची चौकट अंबरनाथच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका वेल्डरनं करून दिली, कबुतराचा पिंजरा आहे का असं विचारत. कॉम्प्युटरचं काम डॉक्टरांच्या ओळखीच्या एका इंजिनियरनं केलं.

पहिला पेशंट म्हणजे बकऱ्याची तंगडी. मी मटणवाल्याला म्हटलं, "अख्खी दे, तोडू नको." तो म्हणाला, "पाहुणे दांडगे दिसतायत." टेबलावर तंगडी ठेवली, शॉट घेतला, आणि टीव्हीवर गुलाबी मांसाच्या आत पांढरं हाड उजळलं. खरंच सांगतो, अंगावर काटा आला. डॉक्टरांनी टाळी वाजवली. हॉस्पिटलात एक आयाबाई होत्या, त्यांना सगळे मावशी म्हणायचे, त्या दारातून बघत होत्या. मी म्हटलं, "मावशी, घेऊन जा तंगडी, रस्सा करा." त्या म्हणाल्या, "फोटू काढलेलं मटण माझ्या घरात नको, बाबा."

मावशींचं थिएटरमध्ये एक खास काम होतं. मांडीच्या हाडात सळई घालायची असली की मोडलेले दोन तुकडे एका रेषेत आणतात, आत सळई ठोकतात आणि शेवटी वर-खाली स्क्रू मारून पक्कं करतात. त्या शेवटच्या स्क्रूच्या आधी डॉक्टर हमखास ओरडायचे, "मावशी, पावलं!" मावशी पायथ्याकडची चादर उचलून दोन्ही पावलं शेजारी शेजारी बघायच्या. "दोन्ही अंगठे आभाळाकडं, डॉक्टर," असं म्हणाल्या की स्क्रू. कधी म्हणायच्या, "उजवा रुसलाय." मग डॉक्टर मांडी थोडी फिरवून घ्यायचे. कारण मांडी गोल असते. गोल वस्तू जागच्या जागी फिरली तर वरून बघणाऱ्याला काय कळणार? फोटोत हाड सरळच दिसतं. पाऊल मात्र लपत नाही.

कॅमेऱ्यावर आम्ही आधी मनगटं केली, घोटे केले, नडगी केली. शॉट खरोखर कमी झाले. डॉक्टर प्रत्येक ऑपरेशननंतर मला विचारायचे, "किती झाले?" आणि आकडा ऐकून खूश व्हायचे. मीही. मला तर कमी शॉटचं व्यसनच लागलं. ज्या कामांना पावलं बघायची गरज नव्हती तीच होत होती, त्यामुळं मावशींना हाक मारायची सवय हळूहळू सुटली, आणि सुटली हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आता ताई.

आई गेली तेव्हा मी सहावीत होतो, ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. वडील होते, पण असून नसल्यासारखे. कॅम्प पाचमधल्या जीन्सच्या कारखान्यात ताई शिलाईला लागली. मोटारीच्या मशीनवर, जाड कापडाची बाहेरची शिलाई, जी सगळ्यांना जमत नाही. उजव्या पायाखालचं पायडल किती दाबायचं ह्याच्यावर सगळा खेळ. जरा जास्त दाबलं की सुई तुटते, कमी दाबलं की टाका ढिला. ताईच्या पायात ते होतं. कारखान्यात तिला कारागीर म्हणायचे, आणि तिथं बाईला कारागीर सहसा कुणी म्हणत नसे. माझा एक्स-रेचा कोर्स होईपर्यंत लग्न नको म्हणाली. कोर्स झाला तोवर स्थळं यायची बंद झाली. ह्याबद्दल ती कधी एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं.

आम्ही विठ्ठलवाडीला राहायचो. एका दुपारी डेपोच्या वळणावर तिची रिक्षा उलटली आणि मांडीचं हाड मोडलं. मी अंबरनाथला मशीन लावून उभा होतो तेव्हाच फोन आला. तिला तिथंच आणलं. स्ट्रेचरवर तिचा चेहरा पांढराफटक, आणि मला बघून म्हणाली, "जेवलास का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाले, "तीन तुकडे आहेत. कॅमेरा नको, आपण जुन्या पद्धतीनं करू."

मला रागच आला. बाहेरच्या माणसांना नवीन पद्धत, आणि माझ्या बहिणीला जुनी? मी म्हटलं, "सर, माझी ताई आहे. तिच्यासाठी नाही लावायचा तर मग कुणासाठी बनवला आपण?" डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. म्हणाले, "ठीक आहे. लाव."

हे पहिलं चुकलं. हे माझं.

कमरेखाली भूल दिली होती, ताई जागी होती. तिच्या तोंडापुढं हिरवा पडदा. सगळं अगदी छान चाललं होतं. टीव्हीवर ताईची मांडी, मांडीत हाड, हाडात सरकत जाणारी सळई. आम्ही सगळे टीव्हीसमोर माना वर करून, जणू मॅच बघतोय. तुकडे एका रेषेत आले, सळई खालपर्यंत गेली. मधे डॉक्टरांनी खालचा भाग थोडा ओढला, हलवला. कॅमेऱ्यात कातडी हलली, पण हाडाचं चित्र आधीच्या शॉटचं होतं, ते तसंच राहिलं. कडा कडांवर बसलेल्या दिसत होत्या. सरळ. सुंदर.

खालचे स्क्रू मारायच्या आधी डॉक्टर म्हणाले, "एक ताजा शॉट घेऊ या का? वर कंबर आणि खाली गुडघा, दोन्हीचा? जोडून बघितले की हाड फिरलंय का ते कळतं."

त्या दिवशी एप्रन दोनच होते, तिसऱ्याची शिवण उसवून शिसं बाहेर आलं होतं. डॉक्टरांच्या समोर उभी असलेली सिस्टर पोटुशी होती, पाचवा महिना. तिला एप्रन दिला तर तिच्या उंचीचा नव्हता, आणि नळी वर असली की किरणं जास्त उडतात. ती हात निर्जंतुक करून उभी, तिला बाहेर पाठवायचं तर सगळं पुन्हा. मी तिच्याकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं, शॉटचा आकडा बघितला. आणि म्हणालो, "सर, सरळच दिसतंय की. कशाला उगाच?"

डॉक्टरांनीही टीव्हीकडे बघितलं. "हो, सरळ आहे," म्हणाले आणि ड्रिल हातात घेतलं. मावशी दाराबाहेर उभ्या होत्या. त्यांना कुणी हाक मारली नाही.

संध्याकाळी वॉर्डात गेलो. ताई चहा पीत होती. मी पायथ्याशी उभा राहिलो. डावा पंजा छताकडे, उजवा खिडकीकडे. थोडाबहुत नाही, चांगलाच. मी उशी घेतली आणि पावलाच्या बाहेरच्या बाजूला टेकण लावलं, जणू उशीनं हाड फिरणार होतं. ताई म्हणाली, "काय रे?" मी म्हटलं, "काही नाही. सूज आहे."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बघितलं. मग मला बाहेर पॅसेजमध्ये नेलं. माणूस किती सरळ होता बघा. म्हणाले, "चूक माझी आहे. पावलं मी बघायला पाहिजे होती. कॅमेऱ्याचा दोष नाही, आपण त्याला ताजं काही विचारलंच नाही." मग म्हणाले, "घाबरू नको. अजून वेळ आहे. पंधरा-वीस दिवसांत पुन्हा घेऊ. खालचे स्क्रू काढायचे, मांडी फिरवायची, पुन्हा लावायचे. पाय सरळ होईल. एकदा हाड जुळलं की मग मात्र तोडावं लागेल. मी सांगू ताईंना की तू सांगतोस? तू सांग, तुझं ऐकतील. समजावून सांग, आणि मला हो-नाही कळव."

मी म्हटलं, "सांगतो, सर."

नाही सांगितलं.

आज इतक्या वर्षांनी कारणं शोधायला बसलो तर ढीगभर सापडतात. तिला पुन्हा भूल, पुन्हा टाके, तिचे किती हाल झालेत, असं मी स्वतःला सांगायचो. खोटं. साधी गोष्ट अशी की पुन्हा का ऑपरेशन, असं तिनं विचारलं असतं. मग कॅमेरा कुणी लावायला लावला, शॉट नको कोण म्हणालं, हे सगळं निघालं असतं. जिनं मला सहावीपासून वाढवलं तिच्यापुढं मला नालायक ठरायचं नव्हतं. बस. एवढंच. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. रोज ती विचारायची, "सूज उतरेल ना रे?" आणि मी म्हणायचो, "उतरेल." तिसऱ्या की चौथ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

मी म्हटलं, "नको म्हणते, सर. घाबरलीय. आहे ते राहू दे म्हणते."

माझं तोंड बोलत होतं आणि मी बाजूला उभा राहून ऐकत होतो, असं झालं. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा एकदा विचार." मी म्हटलं, "विचारलं, दोनदा." त्यांनी मान हलवली. दुसऱ्याच्या मर्जीविरुद्ध चाकू लावणारा माणूस नव्हता तो. ताईला घरी सोडताना त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "नक्की ना, ताई?" तिला वाटलं घरी जायचं विचारतायत. ती हसून म्हणाली, "हो, नक्की."

तीन-चार महिन्यांनी हाड जुळलं. छान जुळलं. एक्स-रेवर बघाल तर म्हणाल, काय काम केलंय.

कॅमेरा डॉक्टरांनी स्वतः सोडवून ठेवला. त्याआधी एकदा मला म्हणाले, "आपल्याला टीव्ही बघायचा नाद लागला रे." पुन्हा मावशींना हाक मारायला लागले. मनगटाच्या ऑपरेशनलासुद्धा एकदा चुकून "मावशी, पावलं!" म्हणाले. सगळे हसले. मी नाही हसलो.

ताई काठी सोडून चालायला लागली तेव्हा उजवा पंजा बाहेर टाकत चालायची. पण खरी गंमत बसल्यावर होती. उभी राहिली की पाऊल बाहेर, आणि खुर्चीवर बसून गुडघा वाकवला की तेच पाऊल आत, डाव्या पायाकडे सरकायचं. पायडलवर सरळ ठेवायचं तर अख्खी मांडी कमरेतून पिळावी लागायची. ती कामावर गेली, पहिल्याच दिवशी तीन सुया तोडल्या. दुसऱ्या दिवशीही. डाव्या पायानं शिवायचं शिकते म्हणाली, घरी स्टुलाखाली वीट ठेवून सराव करायची, मी जेवत असायचो आणि ती विटेवर डावा पाय दाबत बसायची, तोंडानं मशीनचा आवाज काढत. मला घास जायचा नाही. "असा काय खातोस," म्हणून वर मलाच ओरडायची.

नाही जमलं. जाड कापडाला ते चालत नाही. कारखान्यात तिला धागे कापायला बसवलं. शिवून आलेल्या पँटींचे लोंबते धागे छोट्या कात्रीनं कापायचे, ते काम सोळा-सतरा वर्षांच्या नवीन पोरी करतात. त्यांच्यात जमिनीवर, जी कालपर्यंत भल्याभल्यांच्या शिलाईत चुका काढायची ती. तिला आता कारागीर कुणी म्हणेना. "दीदी" म्हणायला लागले. एकदा मी तिला डबा द्यायला गेलो तर ती एका पँटीची शिलाई बोटानं चाचपत होती. मला म्हणाली, "बघ, कसली वाकडी मारलीय. मी असते तर परत उसवायला लावली असती." आणि धागा कापून पँट बाजूला टाकली.

असं चार वर्षं चाललं. मी लग्न केलं, बदलापूरला राहायला गेलो, शेठचं मशीन सोडून एका मोठ्या हॉस्पिटलात नोकरीला लागलो. ताई विठ्ठलवाडीलाच राहिली. मी दर रविवारी जायचो. काही ना काही घेऊन जायचो. सांगायला जायचो खरं तर, आणि फळं ठेवून परत यायचो.

मग तिचा गुडघा आणि कंबर फार दुखायला लागली. हे व्हायचंच होतं, वाकड्या पायावर चार वर्षं चालल्यावर. मी तिला दुसरीकडे नेत होतो, पण ती हटून बसली, "ज्यांनी केलं त्यांनाच दाखवू." तिला घेऊन अंबरनाथला गेलो. डॉक्टरांचे केस पांढरे झाले होते, एका बोटाचं पेर कापून टाकावं लागलं होतं. त्यांनी तिला चालवून बघितलं, झोपवून बघितलं, मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. फार मायेनं म्हणाले, "ताई, तेव्हा तुम्ही दुसऱ्या ऑपरेशनला हो म्हणाला असतात ना, तर हे झालंच नसतं. साधं काम होतं. ह्यानं दोनदा विचारलं तुम्हाला. मीच येऊन बोलायला पाहिजे होतं."

ताईनं माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी जमिनीकडे बघत होतो, तरी मला ते कळलं. मग ती डॉक्टरांना म्हणाली, "हो ना, डॉक्टर. ह्यानं पुष्कळ सांगितलं. मीच घाबरट. मीच नको म्हटलं."

परत येताना रिक्षात ती बाहेर बघत बसली. उल्हासनगर आलं, गेलं. मला रडू आलं होतं, ते आवरत मी म्हटलं, "ताई..."

ती म्हणाली, "त्या दिवशी मी जागी होते. शॉट नको, सरळच दिसतंय, असं तू म्हणालास ते मी ऐकलं होतं." ती अजून बाहेरच बघत होती. "त्याचं मला काही नव्हतं रे. त्या पोरीच्या पोटात बाळ होतं, ती सकाळी माझ्याशी बोलली होती. चुकतं माणसाचं. मी तेव्हाच सोडून दिलं. मला वाटायचं, तू मनाला लावून घेशील म्हणून मी विषयच काढला नाही." मग म्हणाली, "पण हे मला विचारायचं होतंस. मी हो म्हटलं असतं."

एवढंच. ओरडली नाही, रडली नाही. चाळीच्या तोंडाशी उतरली, माझा हात न धरता, आणि पंजा टाकत टाकत आत गेली. त्या रविवारी मी गेलो तर तिनं नेहमीसारखं वाढलं. मी माफी मागितली, अगदी पाय धरून. तिनं मला उठवलं, "पुरे झालं, जेव" म्हणाली. मला वाटलं, मिटलं.

पावसाळ्यानंतर एका रविवारी मी गेलो, तर ताई परातीत एका हातानं कणीक मळत होती. दुसऱ्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. नळावर घसरली होती, मनगट मोडलं होतं, आठ दिवस झाले होते. सरकारी दवाखान्यात एकटी गेली होती, रांगेत बसली होती, एक्स-रे काढून घेतला होता. एक्स-रे! मी आयुष्यभर दुसरं काही केलेलं नाही. माझा नंबर तिला पाठ होता, शेजारी फोन होता.

मी म्हटलं, "ताई, मला का नाही बोलावलंस?"

तिनं परातीतून मान वर केली नाही. "तिथल्या डॉक्टरला सगळं विचारलं मी," ती म्हणाली. "सरळ बसलंय का, पुन्हा करावं लागेल का, सगळं. आता माझं मीच विचारते." मग परात माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "मळून दे तेवढी, घट्ट मळ."